दुपारी दोन ते चार

रुवीतल्या चर्चच्या आवारात
शुक्रवारी मराठी मंडळीला खोली मिळते
दुपारी दोन ते चार.
आधी तेलुगू असतात, नंतर फिलिपिनो.
तेलुगू लोक खुर्च्या गोल मांडून जातात,
आम्ही त्या ओढून रांगेत लावतो.
एकोणीस माणसं. सोहारहून पाटोळेकाका
क्रेनवरची पाळी बदलून आले तर वीस.

पहिली प्रार्थना सुलतानांसाठी.
ती नेहमी नीट होते.
ज्यांना आम्ही निवडलं नाही, निवडणारही नाही,
त्यांना दीर्घायुष्य मागताना
कुणाचाच आवाज अडखळत नाही.
आमेन.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत राहतं.

मग मायदेशासाठी.
इथे खोकला सुरू होतो.

यंदा मे महिना लागला तसे
सगळ्यांचे फोन गावाकडच्या निरोपांनी तापले.
जालन्याहून: अमक्यालाच द्या,
त्यानं कब्रस्तानाला भिंत बांधून दिली.
अनुग्रहचा भाऊ: तमक्याला द्या,
भिंत अर्धीच आहे, उरलेल्या विटा
त्याच्या मेव्हण्याच्या गोठ्याला लागल्यात.
द्या म्हणे. काय द्या!
नाव तिकडच्या यादीत, माणूस इकडे,
मध्ये अख्खा समुद्र
आणि तिकिटाला दीड महिन्याचा पगार.

त्या शुक्रवारी तबीथाच्या नवऱ्यानं, थिओफिलनं,
प्रार्थनेत उमेदवाराचं नाव घेतलं.
आडनावासकट. चिन्हासकट.
"प्रभू, हाच आपला माणूस, याला यश दे."
मागून कुणीतरी आमेन म्हटलं.
बाकीच्यांनी म्हटलं नाही, ते जास्त ऐकू आलं.
शेलारबाई उठल्या, पर्स उचलली,
"माझा प्रभू कुणाचा पोलिंग एजंट नाही,"
म्हणाल्या, आणि दाराशी चपला शोधत राहिल्या.
सगळ्यांच्या चपला एकाच सेलमधल्या,
त्यामुळे त्यांच्या रागाला बाहेर पडायला
बराच वेळ लागला.

आम्ही पाटोळेकाकांकडे बघितलं.
आता ते एखादं वचन काढतील.
त्यांनी चष्मा काढला.
"माझ्या बापाची दोन नावं," म्हणाले,
"दाखल्यावर किसन, मंडळीत योहान.
सवलत किसनला, बाप्तिस्मा योहानला.
मतदानाला किसन आत जायचा,
योहान बाहेर लिंबाखाली बसून राहायचा.
मत नेमकं कुणी दिलं,
ते त्याला मरेपर्यंत सांगता आलं नाही."
चष्मा घातला.
"चला, गीत घ्या."
पण कुणाला नंबरच आठवेना.

मी वादी कबीरच्या दवाखान्यात रक्त काढते.
दिवसभर बोटं:
बांगलादेशी गवंड्याचं, ओमानी आजीचं,
मलबारी ड्रायव्हरचं, सिमेंटनं सोललेलं.
कापूस, टोच, थेंब, पुढचा.
कुठलं बोट कुणाचं हे नळीवरच्या चिठ्ठीला ठाऊक,
मला नाही.

मतदानाच्या संध्याकाळी आईनं व्हिडिओवर बोट धरलं,
इतकं जवळ की पडद्यावर फक्त नख
आणि नखावर चढलेली काळी रेघ.
कुणाला दिलंस गं?
"का? ती काय प्रार्थना हाय,
मोठ्यानं म्हनायला?"
मी हसले. ती नाही हसली.
"भित मात्र अर्धीच हाय अजून.
तुझ्या बापाच्या बाजूनं डुकरं शिरत्यात."

पुढच्या शुक्रवारी खुर्च्या ओढल्या.
शेलारबाई आल्या होत्या, नव्या लाल चपला घालून.
थिओफिल खिडकीपाशी, मान खाली.
सुलतानांसाठी झालं.
मायदेशासाठी, म्हणाले काका,
आणि पुढे काहीच बोलले नाहीत.
खोकलाही नाही आला कुणाला.

मी डोळे मिटून विटा मोजत होते.
एकशे चाळीसपर्यंत पोचले असेन,
बापाच्या पायथ्यापाशी,
तोवर चार वाजले.
फिलिपिनो दार वाजवू लागले.